बांधावरचं कोर्ट

बुधवार

नॉटिंगहॅमहून नेवार्कच्या दिशेने गाडी निघाली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना झुडपांची कुंपणं सुरू होतात आणि संपतच नाहीत. मामा, म्हणजे माझे सासरे, बराच वेळ गप्प बसून बाहेर बघत होते. कराड तालुक्यातला माणूस, एकदा सरपंच आणि एरवी कायमचे ग्रामपंचायत सदस्य. शेवटी म्हणाले, "जावईबापू, हिकडं बांधच दिसंना कुठं. नुसती झुडपंच हायत."

मी म्हटलं, झुडपं आली तेव्हा बांध गेले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटने गावोगावची मोकळी शिवारं वाटून टाकायचे हजारो कायदे केले. त्याआधी गावाची जमीन दोन-तीन मोठ्या शिवारांत असायची. प्रत्येक शिवारात प्रत्येक शेतकऱ्याच्या अरुंद पट्ट्या इकडेतिकडे विखुरलेल्या, मध्ये कुंपण नाही, आणि काय कधी पेरायचं ते सगळ्या गावाने मिळून ठरवायचं. कायद्याने ज्याची त्याची जमीन एका जागी केली, भोवती कुंपण घातलं आणि गायरानावरचा गरिबाचा हक्क बहुतेक ठिकाणी संपवला. ज्या मोजक्या जागी हे झालं नाही त्यांतलं सगळ्यांत ठसठशीत गाव म्हणजे लॅक्स्टन. तिथली जुनी व्यवस्था अजून चालते, आणि ती चालवणारं गावकोर्टही.

नेवार्कच्या किल्ल्यात १२१६ साली जॉन राजा मेला. त्या किल्ल्याला गाडीतूनच नमस्कार केला, कारण नोव्हेंबरच्या अखेरीला इथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि मला मामांना उजेडात गाव दाखवायचं होतं.

लॅक्स्टनमध्ये उतरताच मामांनी पहिली गोष्ट हेरली. घरं शेतात नाहीत, गावठाणात आहेत. इंग्लंडच्या खेड्यांत शेतकऱ्याचं घर सहसा त्याच्या जमिनीच्या मधोमध, शेजाऱ्यापासून लांब असतं. इथे लाल विटांची, कौलारू छपरांची शेतघरं रस्त्याला आडवी पाठ लावून एकमेकांना खेटून उभी आहेत. जमीन तीन शिवारांत विखुरलेली असेल तर माणूस राहणार कुठे? गावातच. मग ट्रॅक्टरही गावातूनच निघतो आणि रस्त्यावर चिखलही गावातच पडतो. लालसर, चिकट माती. मामांनी बुटाच्या टाचेने ती दाबून बघितली आणि "जड हाय" एवढाच निर्वाळा दिला.

चौकाजवळ कोंडवाडा आहे, विटांच्या भिंतींचा. मोकाट जनावर पकडून तिथे कोंडायचं आणि मालकाकडून दंड घेऊन सोडायचं, हे काम गावकोर्टाने नेमलेला माणूस करायचा. "आमच्या कोंडवाड्याच्या जागी अंगणवाडी बांधली, मीच सरपंच होतो तवा," मामा म्हणाले. त्यात अभिमान होता की हळहळ, ते मला सांगता येणार नाही.

सेंट मायकल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्यातल्या माणसांच्या आडव्या मूर्ती आहेत. त्यांतली एका स्त्रीची मूर्ती ओकच्या लाकडात कोरलेली, मध्ययुगातली. हे घराणं एके काळी शेरवुड जंगलाचं राखणदार होतं. गावाच्या उत्तरेला त्यांच्या किल्ल्याचं मातीचं टेकाड अजून आहे. भिंती गेल्या, टेकाड राहिलं. १०८६ सालच्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे नॉर्मन राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदीत, हे गाव आहे. नॉर्मन येण्याआधी ते टोची नावाच्या माणसाकडे होतं, नंतर जेफ्री अ‍ॅल्सेलिनकडे गेलं. जमिनीच्या नोंदीत मालकाचं नाव बदलणं ही मामांची नेहमीची जागा, त्यामुळे ते लगेच म्हणाले, "म्हणजे फेरफार झाला."

अंधार पडता पडता पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचा, फलक दिसला. लॅक्स्टन आणि शेजारची मूरहाउस वाडी मिळून एक पॅरिश आहे. मामांनी प्रश्नांचा सपाटा लावला. सरपंच कोण? सरपंच नाही, सदस्य दर वर्षी मे महिन्यात आपल्यातूनच एक अध्यक्ष निवडतात. मानधन? नाही. आरक्षण? नाही. ग्रामसेवक? एक क्लार्क असतो, बहुतेक ठिकाणी अर्धवेळ, आणि बऱ्याच गावांत पगार मिळतो तो त्याला एकट्यालाच. ऑफिस? क्लार्कच्या घरातलं कपाट. "मग भांडायला जायाचं कुठं?" या प्रश्नाचं उत्तर उद्यावर ठेवलं.

गुरुवार

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार म्हणजे लॅक्स्टनच्या ज्युरीचा, म्हणजे गावकोर्टासाठी शिवार तपासणाऱ्या पंचांचा दिवस. गावात तीन शिवारं: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक. हल्ली पडीक शिवारात गवत-चाऱ्याचं पीक घेतात. पुढच्या वर्षी हे चक्र एक घर पुढे सरकतं. ज्या शिवारात नुकताच गहू पेरलाय ते आज तपासायचं.

सकाळी मंडळी डव्हकोट इन या पबजवळ जमली. ज्युरीत इथलेच शेतकरी असतात आणि त्यांच्यातलाच एक म्होरक्या. बघ्यांना हरकत नसते, पण अंगावर वॉटरप्रूफ आणि पायांत गमबूट हवेत. मामांच्या पायात मी माझेच गमबूट घातले होते, दोन नंबर मोठे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गासड्यांवर बसून ज्युरी शिवारात निघाली. ट्रॉली बघून मामा खूश झाले. निवडणुकीच्या प्रचारातही मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

काम सोपं दिसतं. पट्ट्यांच्या मधे बांध नाहीत, नुसती नांगराची तास. पट्टी संपते तिथे शिवाररस्ता किंवा 'साइक' लागतं. साइक म्हणजे शिवारात मधूनमधून सोडलेल्या गवती पाणथळ पट्ट्या, जिथे नांगर चालत नाही, म्हणून तिथे रानफुलं टिकली आहेत आणि आता त्यांना कायद्याने संरक्षण आहे. पट्टीवाल्याने नांगर साइकमध्ये घातला का, रस्त्यात घातला का, चर बुजवला का, सामाईक जागेवर पसारा टाकला का, एवढंच ज्युरी बघते. शंका आली तर जुन्या खुणा धरून अंतर मोजायचं आणि हद्दीवर लाकडी खुंटी ठोकायची. हातोडा ज्युरीचा, खुंटी ज्युरीची, आणि दोष सापडलेला माणूस बहुधा ट्रॉलीतच बसलेला.

मामांना हे कळायला एक मिनिट लागलं नाही. तिसऱ्या-चौथ्या जागी ज्युरी खाली उतरायच्या आधीच ते बोट दाखवून म्हणाले, "ह्यो बघा, हितं कोरलंय." वीतभर नांगर गवतात गेला होता. मी भाषांतर केलं. ज्युरीतला एक जण खाली वाकला, मोजलं, खुंटी ठोकली, आणि मग मामांकडे बघून हसला. ती पट्टी त्याचीच निघाली. वहीत त्याचं नाव गेलं.

दंड किरकोळ असतो, काही पौंडांचा. पैशाने कुणाचं काही बिघडत नाही. पण ज्युरी दुपारी पबमध्ये जेवायला बसते, तिथेच दंड ठरतो, आणि ज्याला दंड झाला तो त्याच टेबलावर बसून मटार-बटाटे खात असतो. इंग्लंडमधल्या बांधाच्या या पंचनाम्यात मला सगळ्यांत जास्त अर्थ त्या जेवणात दिसला. आपल्याकडे बांध कोरला की आधी शिव्या, मग मोजणीचा अर्ज, मग तहसील, मग दिवाणी दावा. सातबारा दोघांच्या हातात असतो आणि बांध मात्र दर पावसाळ्यात चार बोटं सरकत राहतो.

जेवताना म्होरक्याने मामांना विचारलं, तुमच्याकडे हे कोण बघतं? मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा त्यास्नी, तलाठी बघतो. पण तलाठ्याला बघायला सवड नसती."

इथे एक नकाशा आठवायला हवा. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने लॅक्स्टनचा पूर्ण नकाशा काढला. गाव नुकतंच लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टन याने विकत घेतलं होतं आणि आपण काय घेतलं ते त्याला बघायचं होतं. प्रत्येक पट्टीचा नंबर आणि कसणाऱ्याची नोंद, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी, शिकार करणारी माणसं चिमुकली रंगवलेली. तेव्हा पट्ट्या दोन हजारांवर होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदाराने बऱ्याच एकत्र केल्या, त्यामुळे आता त्या थोड्या पण रुंद आहेत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. गावातल्या छोट्या माहिती केंद्रात त्याची प्रत आहे. मामांनी तिच्यासमोर चष्मा पुसून घेतला आणि गटनंबर वाचावेत तशा पट्ट्या वाचल्या.

शुक्रवार

सकाळी धुकं. मामांचे पाय दुखत होते (गमबूट!), म्हणून चालण्याऐवजी साउथवेल. आठवड्याचा बाजार, मोठं देखणं मिन्स्टर चर्च, आणि गावाबाहेर वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवून कामाला लावायचं घर. आतून मी ते उन्हाळ्यात बघितलं होतं. मामांना बाहेरून दाखवलं.

पॅरिश म्हणजे नुसती चर्चची हद्द नव्हे, गरिबांची जबाबदारीही त्याच हद्दीत असायची. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशला आपल्या गरिबांसाठी घरपट्टीसारखा कर उभा करायला लावला आणि तो वसूल करून वाटायला गावातलीच माणसं नेमली. १६६२ च्या कायद्याने त्याचं दुसरं टोक दाखवलं. परगावचा गरीब आपल्या पैशावर बसेल म्हणून त्याला उचलून त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवता येऊ लागलं. गरोदर, एकट्या बाईला हद्दीबाहेर काढायची घाई व्हायची, कारण मूल ज्या पॅरिशमध्ये जन्मलं त्या पॅरिशच्या गळ्यात पडायचं. हद्द राखायची म्हणजे काय काय राखायचं, ते इथे कळतं, आणि कालच्या ट्रॉलीवरची मजा जरा उतरते.

साउथवेलचं वर्कहाउस १८२४ सालचं. जॉन टॉमस बेचर या पाद्री-मॅजिस्ट्रेटने आसपासच्या ४९ पॅरिशना एकत्र आणून ते उभारलं. तीन मजली विटांची इमारत. मधोमध देखरेख करणाऱ्याची खोली आणि तिच्या खिडक्यांतून दिसणारी वेगवेगळी अंगणं. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मुलं तिसरीकडे. म्हातारे-आजारी वेगळे, धट्टेकट्टे वेगळे. नवराबायकोही एकत्र नाहीत. आत यायची इच्छाच होऊ नये अशी रचना. १८३४ साली सरकारने नवा गरीब-कायदा केला तेव्हा हाच नमुना देशभर नेला. इमारत विसाव्या शतकातही बेघरांसाठी वापरात होती. आता ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे.

मामांनी बराच वेळ भिंत बघितली. मग म्हणाले, "बिनकामाची अंगणं लै केलीत." पुढे काही बोलले नाहीत, आणि मीही काही विचारलं नाही.

शनिवार

एकरिंग, लॅक्स्टनपासून थोडंसं लांब. प्लेगच्या ईम गावाची कथा काही वाचकांना ठाऊक असेल. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडाच्या पेटीतून डर्बीशायरच्या त्या गावात रोग आला. १६६६ मध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसनने गावकऱ्यांना हद्दीबाहेर न जाण्याची शपथ घ्यायला लावली. सीमेवरच्या दगडावर व्हिनेगरमध्ये पैसे ठेवायचे आणि बाहेरच्यांनी तिथेच धान्य ठेवून जायचं. त्यात मॉम्पेसनची बायको कॅथरिनही गेली. एवढं सगळं केलेला हा माणूस पुढे एकरिंगला रेक्टर म्हणून आला, तर इथल्या लोकांनी प्लेगच्या भीतीने त्याला गावात घेतलं नाही! काही काळ रफर्ड पार्कमधल्या झोपडीत राहून तो एका ॲश झाडाखाली उघड्यावर प्रवचन देत असे. झाडाच्या जागी आता दगडी क्रॉस आहे. शिवारातून वारा असा आला की आम्ही दोन फोटो काढून पळालो.

मंगळवार

रविवार-सोमवार घरी. मंगळवारी रात्री मामांच्या "भांडायला कुठं जायाचं" या प्रश्नाचं उत्तर द्यायला, आमच्या जवळच्या एका गावात पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला नेलं. कुणीही जाऊन बसू शकतं. अजेंडा किमान तीन पूर्ण दिवस आधी फलकावर लावावा लागतो.

ही कौन्सिलं १८९४ च्या कायद्याची. त्याआधी गावाचा कारभार चर्चच्या व्हेस्ट्री सभेत चालायचा, जिथे मोठे करदाते आणि पाद्री मिळून सगळं ठरवायचे. १८९४ ने चर्च आणि मुलकी कारभार वेगळे केले आणि शेतमजुरालाही मत दिलं. सदस्य किमान पाच, मुदत चार वर्षं. गावाची लोकसंख्या तीनशे किंवा जास्त असेल तर कौन्सिल असलीच पाहिजे, असं त्या कायद्याने ठरवलं. लहान गाव नुसती पॅरिश सभा भरवून कारभार चालवू शकतं. पैसा 'प्रीसेप्ट'मधून येतो: पॅरिश आपली गरज सांगते, डिस्ट्रिक्ट कौन्सिल ती रक्कम घरांच्या करात मिळवून गोळा करते आणि पॅरिशकडे देते. लॅक्स्टनच्या वर नेवार्क अँड शेरवुड डिस्ट्रिक्ट, त्याच्या वर नॉटिंगहॅमशायर काउंटी. कचरा डिस्ट्रिक्टचा, रस्ते काउंटीचे.

बैठकीत काय झालं? एक तास कुत्र्यांची घाण, खेळाच्या मैदानाचं गवत, लाल टेलिफोन बूथमध्ये ठेवलेलं, बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका द्यायचं यंत्र, आणि एक खड्डा. खड्ड्यावर सर्वात जास्त चर्चा झाली आणि ठराव असा झाला की काउंटीला पुन्हा एकदा पत्र लिहायचं. घरबांधणीच्या एका अर्जावर सगळ्यांचा विरोध. पण पॅरिशला फक्त मत कळवायचा हक्क, निर्णय डिस्ट्रिक्टचा. मामा माझ्या कानात म्हणाले, "हे तर आमचंच. फक्त च्या मिळाला न्हाई."

भांडणं होतातच. डिसेंबर २०२० मध्ये चेशायरमधल्या हँडफोर्थ पॅरिशच्या झूम बैठकीत सदस्य एकमेकांवर ओरडले, क्लार्कच्या जागी आलेल्या जॅकी वीव्हर यांनी अध्यक्षालाच बाहेर काढलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो व्हिडिओ सगळ्या ब्रिटनने बघितला. मामांना तो यूट्यूबवर दाखवला तर त्यांनी तो तीन वेळा बघितला आणि कराडला चौघांना पाठवला.

गुरुवार

ज्युरीनंतरच्या गुरुवारी डव्हकोट इनमध्येच कोर्ट भरतं. याचं नाव 'कोर्ट लीट'. मध्ययुगात जमीनदारांच्या गावोगावी असायचं तसलं. बहुतेकांची हवा कधीच गेली. उरलेल्यांचे अधिकार १९७७ च्या कायद्याने काढून घेतले, पण त्याच कायद्याने लॅक्स्टनच्या शिवारावरचा या कोर्टाचा अधिकार राखून ठेवला. म्हणजे हे नाटक नाही. इथला दंड कायदेशीर आहे.

जमीनदाराचा प्रतिनिधी म्हणून स्टुअर्ड बसतो, तो वकील असतो. बेलिफ, म्हणजे कोर्टाचा कारभारी, कोर्ट उघडतो, हजेरी होते, न येणाऱ्यांना नावापुरता दंड लागतो. मग म्होरक्या गेल्या आठवड्याचा कागद वाचतो. मामांनी पकडलेली पट्टी त्यात होती. मालकाने मान हलवली, खिशातून पैसे काढले, आणि पुढचं नाव. त्यानंतर पुढच्या वर्षीच्या गव्हाच्या शिवारासाठी नवी ज्युरी शपथ घेते. सगळं तासाभरात आटोपलं. मोठ्या आवाजात काही झालं नाही.

पण या कोर्टामागे जमीनदार आहे, हे विसरून चालत नाही. पिअरपॉइंट घराणं, पुढे अर्ल मॅनव्हर्स, यांच्याकडे गाव अनेक शतकं होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावात दोन बडे जमीनदार आणि बरेच छोटे जमीनमालक होते, त्यांचं एकमत होईना म्हणून कुंपणं घातली गेली नाहीत. ती जेव्हा घालता आली असती तेव्हा त्यातला फायदा संपला होता. १९५२ साली शेवटच्या अर्लने जमीन सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकली, ती १९८१ मध्ये राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली, आणि २०२० मध्ये अर्ल घराण्याच्या वारसांच्या थोर्सबी इस्टेटने परत विकत घेतली, म्हणजे जवळपास जुन्या घरीच.

परतताना मामा गाडीत यावर अडून बसले. "जावईबापू, हितं सगळी कुळं हायत. मालक एकच. दंड न दिला तर जमीन जाईल ह्या भ्यानं देत्यात. आमच्याकडं १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली. माझ्या बापाला त्यातच मिळाली. आता मालक मालकाचं ऐकतो व्हय?"

मी म्हटलं, पण १६३५ मध्ये इथे स्वतःची जमीन असलेले कितीतरी होते आणि कोर्ट तेव्हाही चालत होतं.

"तवा त्यास्नी गुरं चारायची होती एकाच गायरानात. गुरं गेली की गरज गेली."

गायरानाचं जाऊ दे, म्हटलं, ज्युरी तर आहे.

"ज्युरी हाय म्हणून न्हाई, पब हाय म्हणून हाय," मामा म्हणाले. नेवार्क येईपर्यंत आम्ही दोघं यावर भांडत होतो.